उन्हाळ्याची सुट्टी नक्की कुणाची? घरातल्या प्रत्येकाचा उन्हाळा इथे लिहूया

रानवाट | २२ एप्रिल, रात्री १०:४०

गेल्या वर्षी मे महिन्यात, वयाच्या ४४ व्या वर्षी, मी विहिरीत पोहायला शिकले. शिकवलं माझ्या १३ वर्षांच्या मुलीनं. ती स्वतः माझ्या आधी जेमतेम सहा दिवस शिकली होती.

माझं सासर तासगाव तालुक्यातलं, घर द्राक्षबागायतदारांचं. आम्ही पुण्यात, दोघंही नोकरीला. परीक्षा संपल्या की नवरा मुलांना गावी सोडून यायचा, मेअखेर जाऊन घेऊन यायचा. मधले पाच आठवडे आम्ही दोघं तेच ऑफिस, तोच डबा. गेल्या वर्षी मार्चमध्ये आत्यांचा, म्हणजे सासूबाईंचा, फोन आला. पोरं कधी येणार वगैरे बोलून झालं आणि ठेवता ठेवता म्हणाल्या, "सुट्टी पोरास्नी असती. तुला कवा असती?" मी काहीच बोलू शकले नाही. दुसऱ्या दिवशी साठलेली रजा मोजली आणि १८ दिवसांचा अर्ज टाकला.

गावी पोचलो तेव्हा बागेचा एक तुकडा नुकताच छाटलेला होता. तारेवर नुसते तपकिरी ओलांडे, म्हणजे वेलीच्या आडव्या फांद्या, पान नाही. धाकट्यानं विचारलं, "काका, झाडं मेली का?" भाऊजींनी त्याला जवळ घेऊन दाखवलं. फेब्रुवारी-मार्चमध्ये माल निघतो. मग एप्रिलची खरड छाटणी. वर्षभर राबलेल्या काड्या एक-दोन डोळे ठेवून कापून टाकायच्या. थोड्या दिवसांत डोळे फुटतात, आणि पुढचे दीड-दोन महिने जे कडक ऊन लागतं त्या उन्हात नव्या काडीच्या डोळ्यात पुढच्या हंगामाचा घड तयार होतो. बाहेरून काही दिसत नाही. तेवढे दिवस काडीला ऊन नीट मिळालं नाही, तर ऑक्टोबरच्या छाटणीनंतर घडाच्या जागी नुसती बाळी, म्हणजे वेलीचा ताणा, निघते. "माल ऑक्टोबरात दिसतो, पण ठरतो आत्ता," भाऊजी म्हणाले. लग्न होऊन १६ वर्षं झाली, द्राक्षं पेट्यांनी खाल्ली, पण हे मला माहीतच नव्हतं.

विहीर बागेच्या कडेला. दगडी बांधकाम, आत उतरायला पायऱ्या, मेमध्येही दोन पुरुष खोल पाणी. पूर्वी पोरांच्या कमरेला पांगाऱ्याचं लाकूड बांधायचे, आता पाच लिटरचा रिकामा कॅन झाकण घट्ट लावून बांधतात. थोरली चौथ्या दिवशी कॅनशिवाय सुटली. मी रोज पायरीवर टॉवेल घेऊन बसायचे. दहाव्या दिवशी ती पाण्यातूनच म्हणाली, "आई, तू नुसती बघत का बसतेस?"

सलवार-कमीजवरच उतरले. पाणी वरून कोमट आणि गुडघ्याखाली एकदम गार. ओढणीनं कॅन बांधला तो भाऊजींनी दोनदा ओढून पाहिला. थोरलीनं माझ्या पोटाखाली हात धरला आणि म्हणाली, "पाय हलव, पण पाण्याला मारू नकोस. मान सोड." हीच मुलगी लहानपणी माझ्या हातावर पालथी झोपायची. चौथ्या दिवशी तिनं हात कधी काढला ते मला कळलं नाही. पलीकडच्या भिंतीला हात टेकला तेव्हा वर पाहिलं, तर आत्या काठावर उभ्या होत्या, पदर डोळ्याला लावून.

त्याच दिवसांत नवरा चुलीपुढे बसून ज्वारीची भाकरी शिकला. धाकटा हातात काठी घेऊन कुरडयांवर कावळे राखायला बसला आणि त्या राखणीचा त्याला भारी अभिमान. परत आलो तेव्हा घर तेच होतं, आम्ही जरा वेगळे होतो. मुलगी माझ्याशी अजूनही त्या विहिरीतल्या आवाजात बोलते, बरोबरीनं.

माझं मत झालंय की उन्हाळ्यात फक्त मुलांनी वाढायचं असं आपण धरून चाललोय. घरातल्या प्रत्येकानं एक नवी गोष्ट शिकायला हवी आणि दुसऱ्या कुणाचं तरी काम हातात घ्यायला हवं. तुमच्याकडे असं काही झालंय का? लिहा.

चांदणगच्ची | २३ एप्रिल, सकाळी ६:५५

ताई, वाचून अंगावर काटा आला. मी नागपूरचा.

आमच्याकडे पारा ४५ च्या वर गेला की दिवसा घराबाहेर काही होत नाही. कूलर, वाळ्याच्या ताट्या, दारं बंद. आमचा उन्हाळा सूर्य बुडाल्यावर सुरू होतो. तीन वर्षांपूर्वी आई गेली. त्यानंतर बाबा बोलेनासे झाले. विचारलं तेवढंच उत्तर, तेही एका शब्दात. त्या मेमध्ये आमच्या भागात वीज रोज रात्री जायची. एका रात्री कंटाळून मी गच्चीवर पाणी मारलं, गाद्या टाकल्या, आणि मी, माझा दहा वर्षांचा मुलगा नि बाबा वर झोपायला गेलो.

मुलगा आकाशाकडे बघून म्हणाला, आजोबा, तो पतंगासारखा कोणता? बाबा बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "पतंग नाही, सप्तर्षी. शेपटीतला मधला नीट पाहा, एक आहे का दोन?" वसिष्ठ आणि अरुंधती. मुलाला दोन दिसले, मला चष्म्यातूनही एकच. मग दक्षिणेला वृश्चिक राशीचा विंचू वर येईपर्यंत बाबा बोलत होते. ते इतकं बोलू शकतात हे मी विसरूनच गेलो होतो.

त्यांनीच मग शून्य सावलीचा दिवस सांगितला. आपल्याकडे सूर्य वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो. दुसऱ्या खेपेला पावसाळी ढग असतात, त्यामुळे मेमधलाच दिवस हाती लागतो. नागपुरात २६ मे, दुपारी साधारण १२ वाजून १० मिनिटांनी. त्या उन्हात आम्ही तिघं डोक्याला दुपट्टे बांधून गच्चीवर स्टीलचा पेला उपडा ठेवून बसलो. सावली आखडत आखडत पेल्याखाली गेली. बाबांनी मुलाच्या पाठीवर थाप मारली. आता दरवर्षी २६ मेला हे ठरलेलं. वीज गेली नाही तरी आम्ही वरच झोपतो.

सुरपारंब्या | २३ एप्रिल, सकाळी ८:१२

पुण्यात शून्य सावली कधी असते?

चांदणगच्ची | २३ एप्रिल, सकाळी ८:३०

१३ मेच्या आसपास, साधारण साडेबाराला. पेला सपाट जागी ठेवा.

केळीचं_पान | २३ एप्रिल, दुपारी २:०५

रानवाट, लिहिलंय मनापासून, पण मला एक विचारायचंय. राग मानू नका.

मी जळगावकडची, वय ५८. आमच्याकडे आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, हा दिवाळीच्या तोडीचा सण. आत्ताच झाली. लेकी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात, गौराईची गाणी, सांजोऱ्या, पुरणपोळी आणि आंब्याचा रस. पितरांची घागर भरतात. सालदाराचं वर्षही आखाजीला संपतं आणि नवं ठरतं. म्हणजे जो वर्षभर राबला त्याचा हिशेब त्या दिवशी होतो. लहानपणी मला वाटायचं, या सणासारखं सुख नाही. आत्या यायच्या, झोक्यावर बसून दुपार-दुपार गायच्या.

लग्न झालं आणि कळलं की झोक्यावरच्या नणंदांना रस कोण काढून देतं. सहा जणी आणि त्यांची १४ मुलं. पाट्यावर मसाला, चुलीवर पुरण, रात्री अकराला भांडी. माझ्या माहेरी माझी वहिनी हेच करत होती, म्हणून मी माहेरी गेले तरी मला गोड लागेना. "मामाचा गाव" म्हणून मुलं जे आयुष्यभर आठवतात, ते मामीच्या हातांवर उभं असतं. ते हात कुणाला आठवत नाहीत.

तुमच्या पोस्टमध्ये तुम्ही आहात, मुलगी आहे, सासूबाई, दीर, नवरा, धाकटा. भाऊजी आहेत म्हणजे जाऊबाईही असतील. त्या कुठे आहेत? तुम्ही पोहत होता तेव्हा त्या काय करत होत्या?

कोकणकडा | २३ एप्रिल, दुपारी २:४०

केळीचं_पान, +१००. आमच्या आईचे मे महिने आमसुलं करण्यात गेले. कोकमाची सालं रसात बुडवा, उन्हात टाका, पुन्हा बुडवा, अशी सात पुटं. वर फणस, वर आंब्याची साटं, वर मुंबईचे पाहुणे. आणि सगळं मिरगाच्या आत संपवायचं. आम्ही पाहुण्यांची मुलं तेवढी लक्षात ठेवली, आई किती वाजता उठायची ते नाही. आज फोन करून विचारतो.

रात्रपाळी | २३ एप्रिल, रात्री ९:१५

मला वेगळं म्हणायचंय. इथे सगळ्यांना गाव आहे. ज्यांना नाही त्यांनी?

मी मुंबईत एका दवाखान्यात परिचारिका आहे. मुलगी आणि मी, दोघीच. आईवडील नाहीत, सासरशी संबंध नाही. मेमध्ये रजा मागितली तर मिळत नाही, कारण सगळ्यांना मेमध्येच हवी असते. मुलीच्या वर्गातल्या सगळ्या मुली कुठे ना कुठे जातात. जूनमध्ये शाळेत "सुट्टीत काय केले" असा निबंध असतो. मागच्या वर्षी ती कोरं पान घेऊन माझ्यासमोर बसली होती.

तरी एक सांगते. रात्रपाळी करून मी सकाळी साडेसातला स्टेशनवर उतरते. एका सकाळी ती मला घ्यायला स्टेशनवर आली, न सांगता, पाण्याची बाटली घेऊन. १२ वर्षांची आहे. स्टेशन ते घर २० मिनिटं. मी नेहमी शेअर रिक्षा करते, त्या दिवशी आम्ही चालत आलो. वाटेत एका सोसायटीच्या भिंतीलगत जांभळी फुलं आलेलं झाड होतं. ती म्हणाली, आई, हे ताम्हण, आपल्या राज्याचं फूल. पुस्तकात आहे. मी त्या भिंतीवरून सात वर्षं जातेय.

मग रोज यायला लागली. मेअखेर आमची त्या वाटेवरची ३१ झाडं झाली होती. नावं कळली ती नावानं, उरलेली आम्ही ठेवलेल्या नावानं. पिंपळाला भर उन्हाळ्यात तांबूस नवी पानं येतात हे तिनं मला दाखवलं. घरी येऊन ती चहा करायची आणि मला झोपवायची. पडदा ओढून, मोबाइल काढून घेऊन.

तो निबंध तिनं शेवटी लिहिला. पण गाव नसलेल्यांचं काय, हा माझा प्रश्न तसाच आहे.

चांदणगच्ची | २३ एप्रिल, रात्री ९:५०

रात्रपाळी ताई, यंदा आमच्याकडे या. घर मोठं आहे, माणसं तीनच आहेत. औपचारिक म्हणत नाही. व्यक्तिगत निरोप पाठवतो.

रानवाट | २४ एप्रिल, पहाटे ५:४५

केळीचं_पान मावशी, तुमचा प्रश्न वाचून काल रात्री झोप लागली नाही. नवऱ्यालाही वाचून दाखवला.

जाऊबाई होत्या. पहिले नऊ दिवस त्या पहाटे पाचला उठून आमच्यासकट नऊ माणसांचं करत होत्या. मी मदत करत होते, पण पाहुण्यासारखी. कांदा चिरून दे, ताटं मांड. कुरडयांचा गहू त्यांनी भिजवला, तीन दिवस पाणी त्यांनी बदललं, वाटून चीक त्यांनी काढला. पहाटे मोठ्या पातेल्यात तो चीक शिजवताना एक जण ओतत राहतो आणि एक जण हटत, म्हणजे ढवळत, राहतो. थांबलं की गुठळी. ते हटणं त्यांचं. सोऱ्या आम्ही हातात घेतला आणि साडीवर गोल गोल कुरडया घालून फोटो काढले.

हे माझ्या लक्षात आलं नाही. थोरलीच्या आलं. दहाव्या दिवशी, म्हणजे मी पाण्यात उतरले त्याच दिवशी, रात्री जेवताना तिनं विचारलं, "काकू, तुम्ही विहिरीवर का येत नाही?" जाऊबाई हसून म्हणाल्या, "मी आले तर चूल कोण बघंल?" कुणी काही बोललं नाही. मग आत्या म्हणाल्या, "चार वर्षं झाली ती माहेरी राहायला गेली नाही. सणाला जाती आन् सांजला परत येती."

दुसऱ्या दिवशी भाऊजी त्यांना कडेगावकडे माहेरी सोडून आले, आठ दिवसांसाठी. त्या आठ दिवसांत नवरा भाकरी शिकला, ते असं. म्हणजे मी जी गोष्ट हौसेची म्हणून सांगितली ती खरं तर एक माणूस तिच्या जागेवरून उठलं म्हणून घडली. हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहायला हवं होतं. मावशी, तुम्ही विचारलंत, बरं झालं.

केळीचं_पान | २४ एप्रिल, सकाळी ११:२०

बाई गं. डोळे भरले. चीक हटणारीचं नाव घेतलंस, मला पोचलं.

आमच्याकडे यंदा आखाजीला माझा मुलगा आणि भाचा दोघांनी रस काढला. सहा डझन आंबे. कोयी नीट पिळल्या नाहीत, पण मी बोलले नाही. माझी सून झोक्यावर होती.

बालाघाट | २४ एप्रिल, सायंकाळी ७:३०

मी अंबाजोगाई तालुक्यातला. आमचा एक उन्हाळा सांगतो, २०१६ चा.

लागोपाठ दुष्काळ. त्याच एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणत होते, ते सगळ्यांनी बातम्यांत पाहिलं असेल. आमच्या वस्तीवर टँकर यायचा. वडील आणि चुलते यांच्यात बांधावरून ११ वर्षं बोलणं नव्हतं. एका विहिरीचं पाणी दोन घरं वेगवेगळ्या वेळी भरायची, समोरासमोर यायला नको म्हणून.

त्या वर्षी पानी फाउंडेशन या संस्थेनं वॉटर कप ही गावागावांतली जलसंधारणाची स्पर्धा पहिल्यांदा घेतली, राज्यातल्या तीन तालुक्यांत: वरूड, कोरेगाव आणि आमचं अंबाजोगाई. गावागावात श्रमदान सुरू झालं. पहाटे साडेपाचला टिकाव-फावडं घेऊन डोंगराला. समपातळीत रेषा आखायची आणि तिच्यावर चर खोदायचा. ६० सेंटीमीटर रुंद, ३० सेंटीमीटर खोल. वाहून जाणारं पाणी तिथं थांबतं आणि मुरतं. मुरमाड जमीन, टिकाव टणकन उलटा यायचा. मी तेव्हा १९ वर्षांचा. तिसऱ्या दिवशी हाताला फोड आले.

चर समपातळीच्या रेषेनं जातो, बांध बघत नाही. पाचव्या-सहाव्या दिवशी वडील या टोकाकडून खोदत आणि चुलते त्या टोकाकडून, असं समोरासमोर आले. मध्ये दोन हात जमीन उरली. दोघं थांबले. चुलत्यांनी फावडं ठेवलं आणि म्हणाले, "दादा, तू बस. तुला दमा आहे." ११ वर्षांनंतरचं पहिलं वाक्य.

पहिला नंबर साताऱ्याकडच्या वेळू गावाला गेला. आमचं गाव कशातच आलं नाही. पण त्या जूनमध्ये पाऊस पडला तेव्हा दोन्ही घरं मिळून चर बघायला डोंगरावर गेलो होतो. पाणी थांबलं होतं, लालभडक, काठोकाठ. आई आणि काकू त्यात पाय सोडून बसल्या.

सुरपारंब्या | २४ एप्रिल, सायंकाळी ७:५०

बालाघाट, नि:शब्द.

हडसनकाठ | २५ एप्रिल, सकाळी ७:१०

न्यू जर्सीहून. इथल्या शाळा जूनच्या तिसऱ्या आठवड्यात सुटतात. त्यामुळे माझ्या मुलांनी महाराष्ट्रातला मे कधी पाहिलेलाच नाही. आम्ही पोचतो तेव्हा पाऊस लागलेला, आंबे संपलेले. त्यांच्या लेखी भारत म्हणजे छत्री.

म्हणून दोन वर्षांपासून साताऱ्याहून आईलाच मेमध्ये इकडे बोलावतो. मेच्या मध्यानंतर इथे दव गोठायचं थांबतं आणि लागवड करता येते. आई परसात वाल, मेथी, गवार लावते. पहिल्या वर्षी ती दिवसभर घरात एकटी, अवघडलेली असायची. आता शेजारची मुलं तिला बी मागायला येतात. जूनमध्ये साडेआठपर्यंत उजेड, तेवढा वेळ ती मातीत. माझा मुलगा तिच्याबरोबर गुडघे टेकून बसतो आणि त्याला मराठी येतं हे मला तिथे ऐकून कळलं. माझ्याशी तो इंग्रजीतच बोलतो. आजीला मात्र म्हणतो, "आज्जी, वाल वर आला."

कोकणकडा | २५ एप्रिल, दुपारी १:००

आईला फोन केला. म्हणाली, पावणेचारला उठायची. एवढंच म्हणाली आणि विचारलं, तू आज हे का विचारतोयस? मी १ मेला गावी जातोय, १५ दिवस. आमसुलांची पुटं या वेळी मी घालणार. कुणी केली असतील तर सांगा: मीठ पहिल्याच पुटाला घालायचं की नंतर?

केळीचं_पान | २५ एप्रिल, दुपारी १:२५

आईलाच विचार. इथे नको.

रात्रपाळी | ११ मे, सकाळी ८:४०

चांदणगच्ची, तुमच्या बाबांशी फोनवर बोलणं झालं. २५ आणि २६ मे अशा दोन रजा मंजूर झाल्यात, २४ ला माझी साप्ताहिक सुट्टी आहे. तिकीट काढलं. मुलगी पेला कोणत्या मापाचा लागेल ते विचारतेय.

चांदणगच्ची | ११ मे, सकाळी ९:०५

कोणताही चालेल, फक्त बाजू सरळ हव्यात. निमुळता नको. बाबा म्हणताहेत, टोप्या आणि कांदा बरोबर ठेवा, ऊन सोपं नाही.

रानवाट | १४ मे, रात्री ९:३०

गावाहून लिहितेय. यंदा आम्ही आलो त्याच दिवशी जाऊबाई आठ दिवस माहेरी गेल्या. गहू मी भिजवला, पाणी मी बदललं. चीक हटायला थोरली आणि नवरा आळीपाळीनं. पहिल्या पातेल्यात गुठळ्या झाल्या, दुसरं जमलं. धाकट्यानं वाटीभर गरम चीक तूप-साखर घालून खाल्ला आणि मग काठी घेऊन राखणीला बसला.

काल जाऊबाई परत आल्या. आज चार वाजता ऊन कलल्यावर थोरली त्यांना विहिरीवर घेऊन गेली. त्या नऊवारीत. काष्टा घट्ट मारला, कॅन बांधला, गाठ आत्यांनी ओढून पाहिली. तिसऱ्या पायरीवर बराच वेळ बसल्या, पाण्यात फक्त पाय. मग म्हणाल्या, "धर गं मला."

थोरलीनं पोटाखाली हात धरला. मी दुसऱ्या बाजूला होते.